आमची वाटचाल : पंख्याच्या कॅपॅसिटरपासून नॅनोकणांच्या फिल्मपर्यंत

नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत बाबांनी भाड्याच्या गाळ्यात एक वाइंडिंग मशीन टाकलं, पंख्याचे कॅपॅसिटर, म्हणजे वीज तात्पुरती साठवणाऱ्या डब्या, करायला. अडीच मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. धातूचा थर चढवलेली पाच-सहा मायक्रॉनची पॉलिप्रॉपिलीन फिल्म गुंडाळायची, दोन्ही टोकांना जस्ताचा फवारा मारायचा, तारा जोडून डबीत घालायचं आणि रेझिन ओतायचं. आमचा पगार आजही याच मालावर निघतो. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की आमची मोठी प्रयोगशाळा आहे.

मी पॉलिमरमध्ये एम.एस्सी. करून गाळ्यात आले तेव्हा नगामागे पैशा-पैशाची घासाघीस चालू होती. माझ्या डोक्यात मात्र दोनच आकडे. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे पदार्थ किती वीज साठवायला मदत करतो त्याचं माप : पॉलिप्रॉपिलीनचा २.२ आणि बेरियम टायटनेट या सिरॅमिकचा हजाराच्या वर. त्याची बारीक पूड प्लॅस्टिकमध्ये मिसळली की तेवढ्याच डबीत कितीतरी जास्त ऊर्जा मावेल! बाबा म्हणाले, "अगं, इतकं सोपं असतं तर आपल्यासाठी कुणी शिल्लक ठेवलं असतं का?"

पॉलिप्रॉपिलीन साध्या द्रावकात विरघळत नाही, म्हणून पीव्हीडीएफ हे दुसरं प्लॅस्टिक घेतलं. त्याचा कॉन्स्टंट मुळातच दहाच्या आसपास. डीएमएफ या द्रावकात ते विरघळवून काचेवर ओतलं आणि पट्टीने पसरवलं. महिना जुलै. काचेवर दुधावरच्या सायीसारखा पांढराफटक पापुद्रा धरला. आठवडाभर मी पुडीला दोष दिला. मग पूड न घालताच ओतून पाहिलं, तरी तेच. हवेतली ओल डीएमएफ शोषून घेतं आणि पॉलिमर घट्ट व्हायच्या आत त्यात भोकं पडतात. काच गरम ठेवून ओतायला लागलो तेव्हा कुठे फिल्म पारदर्शक झाली.

पुढची डोकेदुखी गुठळ्यांची. पन्नास नॅनोमीटरच्या कणांची शंभर ग्रॅम पूड म्हणजे सगळा मिळून सुमारे अर्धा एकर पृष्ठभाग. तेवढ्या रानाला सिलेनचा, म्हणजे कण आणि पॉलिमर जोडणाऱ्या रसायनाचा, हात फिरवायचा, तोही सगळीकडे सारखा. नाहीतर कण एकमेकांना चिकटतात आणि पॉलिमरशी फटकून वागतात.

तेही जमलं. तीस टक्के आकारमानाची पूड घातलेल्या फिल्मचा कॉन्स्टंट जवळपास तिप्पट आला आणि मी पेढे मागवले. दुसऱ्या दिवशी सिलिकॉन तेलात ठेवून व्होल्टेज चढवलं, तर नुसत्या पीव्हीडीएफच्या निम्म्यावरच फिल्म फुटली, म्हणजे वीज तिच्या आरपार गेली. ऊर्जा कॉन्स्टंटच्या पटीत वाढते, पण सोसलेल्या विद्युतक्षेत्राच्या वर्गाच्या पटीत. तिप्पट भागिले चार. पेढे खाऊन पाऊणपट कमावलं! कण आणि पॉलिमर यांच्या कॉन्स्टंटमध्ये इतकी तफावत असली की क्षेत्र कणाच्या कडेला, पॉलिमरमध्ये एकवटतं आणि तिथूनच फाटायला सुरुवात होते.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या गटाने बोरॉन नायट्राइडच्या नॅनोपापुद्र्यांची फिल्म दाखवली, तीही २५० अंशांपर्यंत चालणारी. पॉलिप्रॉपिलीन १०५ अंशांवर व्होल्टेज कमी करूनच वापरावं लागतं. बोरॉन नायट्राइडचा कॉन्स्टंट जेमतेम चारच्या आसपास. म्हणजे तो भराव ऊर्जा साठवायला नसून विजेची गळती अडवायला. तेव्हापासून मी 'जास्त' हा शब्दच सोडला. आता आम्ही अगदी थोडा भराव घालतो आणि कॅपॅसिटन्सऐवजी, म्हणजे साठवणक्षमतेऐवजी, आधी ब्रेकडाऊन, म्हणजे फिल्म किती व्होल्टेजला फुटते ते, बघतो. वीस ठिकाणी फोडून त्यातला सगळ्यात कमी आकडा धरतो. सरासरीत माझा जीव रमत नाही. चाचणीचं इलेक्ट्रोड नाण्याएवढं, आणि पंख्याच्या साध्या कॅपॅसिटरमध्येसुद्धा पाऊण-एक चौरस मीटर फिल्म असते. त्यात एकच कच्ची जागा पुरते.

सध्या प्रयोगशाळांना ए-फोर आकाराचे तुकडे देतो. गिऱ्हाईक मोजकंच, पण पैसे वेळेवर.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा आमची बारा मायक्रॉनची फिल्म बाबांच्या त्याच जुन्या मशीनवर चढवली. दोनदा तुटली. मशीनवरच्या मावशी म्हणाल्या, "ताई, ही आपल्या नेहमीच्या फिल्मसारखी ताणून घेत नाही, हिला सैल सोडा." त्यांनीच ब्रेकची स्प्रिंग दोन आटे मागे फिरवली आणि तिसऱ्यांदा गुंडाळी पूर्ण झाली. पाचशे व्होल्टला फुटली ती.