ठमीचा रिझल्ट आला, हेट नाहीच

मंडळी, ठमी म्हणजे माझी बॉल पायथन मादी (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर), तिच्या कातीवरून केलेल्या जीन टेस्टचा रिझल्ट आला. काल रात्री जेवताना मेल वाजली, उजवा हात वरणभातात, डाव्या अंगठ्याने उघडली तर एकच ओळ, क्लाउन: नाही. क्लाउन ही सापाची एक वेगळी नक्षी, जीन आईबाप दोघांकडून आला तरच दिसते; एकाकडूनच आला तर साप दिसायला साधाच, तो ‘हेट’. १०० टक्के हेट क्लाउन म्हणून चार वर्षं सांभाळलेली माझी ठमी चक्क साधी नॉर्मल निघाली. बायको म्हणाली तोंड का पडलं, मी म्हटलं साप खोटा निघाला, ती म्हणाली साप कसा खोटा निघेल, साप तर तिकडे टबात बसलाय. आहे बरोबर तिचं.

मागच्या वेळी सात अंडी, सात पिल्लं, एकही क्लाउन नाही असं सांगितलं तेव्हा तुमच्यातले निम्मे ‘ऑड्स रे, धीर धर’ म्हणाले होते आणि खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं. माझा नर बाजीराव व्हिज्युअल पेस्टल क्लाउन (दोन्ही अंगावर दिसतात; पेस्टल हा रंग एकाच बाजूने आला तरी दिसतो), ठमी हेट, म्हणजे प्रत्येक अंड्याला निम्मा चान्स, सातच्या सात हुकायची शक्यता १२८ मध्ये १. आता १२८ त १ म्हणजे किती कमी हे मला कळत नाही असं नाही, पण त्या आठवड्यात तो आकडा मला चांगला धडधाकट वाटत होता, लोकांना लॉटऱ्या लागतातच की.

विकणाऱ्याला फोन केला होता हे मी मागे लिहिलंच नाही, लाजेपोटी. तो अगदी गोड बोलला. आधी म्हणाला बॅड लक, माझ्याकडेही असं झालंय. मग म्हणाला पिल्लं तुझ्याच नराची कशावरून, पार्थेनोजेनेसिस असेल. मग म्हणाला मादी स्पर्म साठवून ठेवते, जुन्या नराचं असेल. यातलं काहीच अगदी खोटं नाही हीच तर गंमत आहे, बॉल पायथनमध्ये नराशिवाय पिल्लं झाल्याच्या नोंदी आहेत आणि स्पर्म साठवणं तर आपल्याला सगळ्यांना माहितीये. पण बाबा रे, सातातली तीन पिल्लं पेस्टल आहेत! ठमीत पेस्टल नाही, असतं तर डोळ्यांना दिसलं असतं, ते बाजीरावाकडूनच आलंय. आणि ठमी मी आणली तेव्हा ११० ग्रॅमची होती, मुठीत मावायची, ती कुठल्या जुन्या नराचं साठवणार होती? हे म्हटल्यावर तो म्हणाला, अजून एक सीझन लावून बघ. म्हणजे अजून एक वर्ष.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अंडी घातल्यानंतरची ठमीची कात मी फेकली नव्हती, झिपलॉकमध्ये पडून होती (घरात यावरून दोनदा भांडण झालंय), त्यातला तुकडा कापून लॅबला पाठवला. कातीवरून हल्ली क्लाउन, पाईड (अंगावर पांढरे भाग असलेला) वगैरे बरेच जीन तपासून मिळतात आणि खर्च एका मोठ्या पिझ्झा पार्टीएवढा. हे मी पेअरिंगच्या आधीच तिच्या एखाद्या कातीवर करू शकलो असतो का, तर बहुतेक हो. मी शोधलंच नाही. का शोधलं नाही, यावर काल रात्री दोन वाजेपर्यंत विचार करत बसलो होतो, तेच लिहायला आज बसलोय, इन्क्युबेटरचं नंतर.

२०२१ चा उन्हाळा आठवा, लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच साप पाळायचे होते, भाव आकाशाला भिडलेले. सापांच्या एक्स्पोचा रविवार, दुपारचे साडेतीन, टेबलं आवरायला घेतलेली. ठमी विकणाऱ्याच्या टेबलावर स्वच्छ डेली कप (झाकणाचे प्लास्टिकचे डबे), प्रत्येकावर छापील लेबल, लोगो, हॅच तारीख, आयडी नंबर. मी ठमीकडे बघतोय तर याने किंमत सांगायच्या आधी मलाच विचारायला सुरुवात केली. थर्मोस्टॅट कुठला वापरतोस, हॉट साइडला किती ठेवतोस, क्वारंटाइन किती दिवस, आधी किती साप पाळलेत. मी इंजिनिअरिंगच्या व्हायव्हाला द्यावीत तशी धडाधड उत्तरं दिली. ९० फॅरनहाइट, वेगळी खोली, ९० दिवस, वेगळे चिमटे. तो मान डोलावत म्हणाला, तुझ्यासारख्यालाच द्यायला बरं वाटतं. झालं, विकेट पडली. परीक्षा त्याने घेतली, मी पास झालो म्हणून छाती फुगली आणि त्याला एक साधा प्रश्न विचारायचा राहूनच गेला की हिचे आईबाप दाखव.

नाही, विचारलं होतं एकदा. त्याने फोनवर बापाचा फोटो दाखवला, देखणा क्लाउन, काळ्या कापडावर. काल रात्री सहज, मी तेव्हा मागून घेतलेला तो फोटो इमेज सर्चला टाकला. दुसऱ्याच एका ब्रीडरच्या २०१९ च्या जाहिरातीत तोच साप, तेच कापड, कोपऱ्यात त्याचा वॉटरमार्क, जो माझ्याकडच्या फोटोत कापलेला होता. दहा सेकंदांचं काम होतं हो.

अजून एक. त्याने मला समोरचं टेबल दाखवून हळूच सांगितलं होतं की ते लोक टोगो-घानाहून आलेली कॅप्टिव्ह हॅच्ड (जंगली मादीच्या अंड्यांतून निघालेली) पिल्लं सीबीबी (पाळीव आईबापांची, पाळणाऱ्याकडेच जन्मलेली) म्हणून विकतात, जपून. ते टेबल खरंच तसं होतं की नाही देव जाणे. तसे प्रकार चालतात हे खरं आहे, इम्पोर्टेड पिल्लं अंगावर गोचिड्या घेऊन येतात आणि महिनोन्‌महिने खात नाहीत हे आपल्यातल्या दोघांनी भोगलंय. पण दुसऱ्याची चोरी दाखवणारा माणूस स्वतः साव असतो हे मी कुठून गृहीत धरलं? आपल्याकडे याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात हे आईने शंभरदा ऐकवलंय.

आणि हेटचं खोटं हे सगळ्यात सेफ खोटं आहे, याचं मला आता जवळजवळ कौतुक वाटायला लागलंय. आजारी साप विकला तर आठवड्यात बोंब होते, माइट्स (अंगावरचे बारीक किडे) असले तर पाण्याच्या भांड्यात तिसऱ्या दिवशी काळे ठिपके तरंगतात. हेट क्लाउन आणि नॉर्मल बाहेरून सारखेच. मादी १५०० ग्रॅमच्या वर जायला तीन वर्षं, मग पेअरिंग, मग अंडी, मग सत्तावन्न-अठ्ठावन्न दिवस, आणि एवढं करून क्लाउन नाही निघाला तर ‘ऑड्स’ तयारच. तोवर माणूस एक्स्पो बदलतो, पेजचं नाव बदलतो. शिवाय चार वर्षं मीच त्याची जाहिरात करत होतो, जुन्या अपडेट काढून बघा, ‘माणूस एकदम जेन्युइन’ असं मीच तीनदा लिहिलंय. १९९२ ला बॉब क्लार्क या ब्रीडरने बॉल पायथनचा अल्बिनो वारशाने उतरतो हे प्रूव्ह केलं तेव्हापासून हेटचा धंदा शब्दावर चाललाय, आणि माझा विश्वास तर पानिपतात गेला, घरी बाजीराव असून.

हे लिहितालिहिता एक उठून करून आलो. चिमणी, माझी ‘६६ टक्के हेट पाईड’, तिने परवाच कात टाकलीये, ओली होती म्हणून कचऱ्यात टाकली होती, ती काढून पेपर टॉवेलवर वाळत घातलीये. तिच्या शेपटीजवळ त्या दोन समांतर रेघा आहेत, रेल्वेच्या रुळांसारख्या, आणि विकणारी बाई म्हणाली होती मार्कर (हेटची अंगावरची खूण) बघ, हेट असणारच. मार्कर वगैरे पाईडच्या बाबतीत लोक मानतात, पण तशा रेघा साध्या नॉर्मललाही दिसतात, क्लाउनला तर धड मार्करच नाही. आणि ६६ टक्क्यांनी मला कसं गंडवलं ते कळलं का, आपल्याला ६६ म्हटलं की फर्स्ट क्लास वाटतो! साप ६६ टक्के हेट नसतो राव, तो हेट असतो किंवा नसतो, तीनातले दोन असतात एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा आधीचा प्लॅन कॅन्सल, नोव्हेंबरात चिमणीला पाईड नर आणणार होतो तो रिझल्ट येईपर्यंत आणणार नाही.

आता पिल्लांचं. इथे मजा आहे. बाजीराव व्हिज्युअल क्लाउन, त्यामुळे आई कोणीही असो, सातच्या सात पिल्लं खरोखर १०० टक्के हेट क्लाउन आहेत. म्हणजे आता छापील लेबल लावून ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणायची पाळी माझी. सकाळी लेबल टाइप करायला घेतलं आणि हसूच आलं, तेच शब्द, तोच फॉन्ट बहुतेक. मग ठरवलं की प्रत्येक पिल्लाबरोबर त्याची पहिली कात पाकिटात द्यायची, लॉकचे (नर-मादी जुळल्याचे) आणि अंडी कापतानाचे तारखेसकट फोटो द्यायचे, आणि घ्यायला येणाऱ्याला बाजीराव हातात द्यायचा. मोठी पेस्टल मादी मी ठेवून घेणार आहे, ती बापाकडे नाही, दुसऱ्या क्लाउनकडे जाईल, ते तीन वर्षांनी.

इन्क्युबेटरबद्दल दोन शब्द, कारण सातपैकी सात हा माझा रेकॉर्ड आहे आणि तो या भानगडीत वाहून गेला. जुना वाइन कूलर, हीट टेप, कॉम्प्युटरचा छोटा पंखा, खाली पाणी, वर ग्रिड, ग्रिडवर अंडी, व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारी खनिजाची भुशी) नाही. पहिल्या वर्षीचा स्वस्त ऑन-ऑफ थर्मोस्टॅट चार डिग्री वरखाली नाचायचा, तो भंगारात. आता हर्पस्टॅट आहे, महाग आहे, पण ५७ दिवस ८९ वरून काटा हलला नाही, पैसे वसूल. कापताना तिसऱ्या अंड्याला नखकात्रीने चीर दिली, आत चिकट पाणी, बुडबुडा आला, आणि बुडबुडा फुटल्यावर खाली नाकाची दोन भोकं. मी श्वास धरून बसलो होतो. ते क्लाउन नव्हतं हे तेव्हाही डोक्यावरून दिसत होतं, पण त्या मिनिटाला काही वाटलं नाही.

पुण्याहून दोघांनी विचारलंय की तिकडे एक जण ‘फुल पेपर्स’ म्हणून बॉल पायथन देतोय, घेऊ का. अरे, आधी कागद वाचा. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, भारतात वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार परिवेश २.० पोर्टलवर नोंद लागते, साप दुसऱ्याच्या नावावर गेला तर तेही कळवावं लागतं. परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठीच्या २०२० च्या ऐच्छिक घोषणेचा कागद नाचवत असेल तर ती मालकाने स्वतः केलेली घोषणा आहे, साप कुठून आला याचा पुरावा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या माणसाकडे बिस्किट-केकच्या पाकिटांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. जे सापडत नाहीत त्यांचेही पेपर्स कोणीतरी बनवतच असणार. आणि स्टार कासव किंवा आपला अजगर कोणी ‘ब्रीड केलेला’ म्हणून देत असेल तर फोनच ठेवा.

विकणाऱ्याला रिझल्टचा स्क्रीनशॉट पाठवलाय. तासाभराने उत्तर आलं: ठमी परत आण, बदल्यात दुसरी देतो, १०० टक्के हेट क्लाउन. वाचून बायकोला दाखवलं, ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतून मुलगा आला. ठमी कुठेही जात नाही, १८४० ग्रॅमची झालीये आणि काल तिने पहिल्याच फटक्यात उंदीर घेतला.

पिल्लांपैकी पाचांनी हॉपर (उंदराची छोटी पिल्लं) खाल्ले, चौथ्याने तर चिमट्यासकट ओढला. दोन नंबरने आज सकाळी घेतला. सहा नंबरवाली मात्र अजून गुंडाळी करून डोकं आत घालून बसलीये, तीनदा नकार, वजन ६१ वरून ५८. टब लहान करून अंधारात ठेवलाय, आज रात्री दहाला परत प्रयत्न. कोणी छोट्या टबात कागदी पिशवीची ट्रिक (पिल्लू आणि उंदीर एकत्र पिशवीत ठेवायचे) केलीये का, किती तास ठेवता ते सांगा.