आधी तिथी, मग तिकीट: थरच्या वाळवंटातले गड, देवस्थानं आणि मेळे

पश्चिम राजस्थानची सहल आखताना बहुतेक जण आधी रेल्वेचं आरक्षण करतात, मग हॉटेल बघतात आणि मेळा कधी आहे हे तिथं पोचल्यावर विचारतात. क्रम उलटा हवा. इथले मेळे तिथीवर चालतात. इंग्रजी तारीख दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे येते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. गेल्या वर्षीची तारीख धरून तिकीट काढलं तर हाती रिकामं मैदान आणि उंटांची लीद एवढंच लागतं.

त्यात मराठी माणसासाठी आणखी एक मेख आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, राजस्थानचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, त्यामुळे माघी किंवा कार्तिकी पौर्णिमेच्या मेळ्यांना काही अडचण नाही. वद्य पक्षात मात्र त्यांचं नाव एक महिना पुढं असतं. बिकानेर जिल्ह्यात नोख्याजवळच्या मुकाम इथं बिश्नोई समाजाचे गुरू जांभोजी यांची समाधी आहे. तिथला मोठा मेळा फाल्गुन अमावास्येला भरतो. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात फाल्गुन अमावास्या शोधून गेलात तर बरोबर एक महिना उशिरा पोचाल. तो दिवस आपल्या महाशिवरात्रीनंतर लगेच येणाऱ्या अमावास्येचा. मुकामचा दुसरा मेळा त्यांच्या आसोज, म्हणजे आश्विन अमावास्येला. आपल्याकडची ती सर्वपित्री.

बाकीच्या तिथी सोप्या. जैसलमेरचा मरु महोत्सव माघ पौर्णिमेला संपतो. पुष्करचा आणि बिकानेरजवळच्या कोलायतचा मेळा कार्तिक पौर्णिमेला. रामदेवऱ्याचा मेळा भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून एकादशीपर्यंत, म्हणजे थेट गणपतीत. घरी गणपती बसत असेल तर हा मेळा विसरायचा. देशनोकला करणी मातेची जत्रा चैत्र आणि आश्विन अशा दोन्ही नवरात्रांत असते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी माघ पौर्णिमा धरावी. दिवसा ऊन सोसवतं आणि गड चढताना दम लागत नाही. रात्री मात्र पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो. वाळवंट म्हणून फक्त सुती कपडे घेऊन गेलेली मंडळी पहिल्याच संध्याकाळी शाल शोधत बाजारात फिरतात.

मार्ग असा ठेवावा: जोधपूर दोन रात्री, जैसलमेर चार, बिकानेर दोन. मुंबईहून जोधपूरला सूर्यनगरी एक्सप्रेस रात्रभरात नेते. जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, जैसलमेर ते बिकानेर सव्वातीनशेहून थोडं जास्त, बिकानेर ते परत जोधपूर अडीचशे. शयनयान डब्यातून गेलात तर खिडकी बंद असूनही पहाटेपर्यंत अंथरुणावर बारीक वाळू साचते. बॅगेवर जुनी चादर टाकून ठेवावी.

जोधपूरच्या मेहरानगडाची पायाभरणी राव जोधाने १४५९ मध्ये केली. संग्रहालय सकाळी नऊला उघडतं, तेव्हा नऊलाच दारात असावं. अकरानंतर शीशमहाल आणि फूलमहालाच्या अरुंद जिन्यांत माणसाला माणूस लागतं. रिक्षाने जयपोळीपर्यंत वर जावं (पोळ म्हणजे गडाचा दरवाजा) आणि उतरताना फतेहपोळीतून पायी जुन्या निळ्या वस्तीत उतरावं. उलटं केलंत तर चढातच तास जातो. डेढ कांगरा पोळीवर जयपूरच्या फौजेच्या तोफगोळ्यांचे खड्डे अजून दिसतात. लोहपोळीपाशी उजेड कमी असतो, म्हणून लोक तसेच पुढे निघून जातात. तिथं शेंदूर लावलेले सतींच्या हातांचे ठसे आहेत, ते थांबून बघावेत. गडाच्या दक्षिण टोकाला चामुंडा मातेचं देऊळ आहे. ३० सप्टेंबर २००८ ला, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, त्याच अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन दोनशेहून जास्त माणसं गेली. नवरात्रात लहान मुलं बरोबर असतील तर तिकडे पहाटे जाऊच नये.

जैसलमेरचा गड ११५६ चा, रावळ जैसलचा. तो पाहायचा तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी: हा रिकामा किल्ला नाही, आत गाव नांदतं. सकाळी सातला गेलात तर दसरा चौकात दूधवाले, दप्तरं पाठीवर टाकलेली पोरं, झाडलोट करणाऱ्या बाया भेटतात. दहानंतर फक्त पर्यटक आणि लटकवलेल्या रजया. अखैपोळ, सूरजपोळ, गणेशपोळ, हवापोळ अशी एकामागून एक दारं लागतात. प्रत्येक दारापुढे वाट मुद्दाम वळवली आहे, हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून. फरसबंदी घासून गुळगुळीत झाली आहे. चपट्या तळव्याची चप्पल उतारावर हमखास घसरते. तटावर चढलात तर कठड्यावर ओळीने मांडलेले गोल दगड दिसतील. ती शोभा नव्हे. वेढा पडला की ते खाली लोटायचे.

गडावर राहावं का, हा प्रश्न सगळे विचारतात. राहू नये. हा गड कोरड्या हवेसाठी, मोजक्या पाण्यासाठी बांधलेला आहे. नळ आल्यावर घराघरांत, हॉटेलांत पाण्याचा वापर कितीतरी पटींनी वाढला, जुन्या गटारांना तो पेलवला नाही आणि पाणी खालच्या मातीत मुरू लागलं. माती फुगते, सैल होते आणि वरचे बुरूज, भिंती तडकतात. २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं तरी हा त्रास संपलेला नाही. तटाखालच्या गल्ल्यांत गड समोर दिसेल अशा गच्चीची हॉटेलं भरपूर आहेत. आंघोळ तिथं करावी.

गडावरची जैन मंदिरं बाहेरच्यांना सकाळीच बघायला मिळतात, दुपारी दार बंद. पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा, कातड्याचं जे असेल ते बाहेर. म्हणून पहिला नंबर मंदिरांचा, मग राजवाडा, आणि उन्हं कलली की खाली उतरून पटव्यांची हवेली. पाच भावांच्या पाच हवेल्या सलग आहेत. तिकीट काढण्याआधी आपण त्यातल्या कुठल्या हवेलीच्या दारात उभे आहोत ते विचारून घ्यावं.

मरु महोत्सवाची मिरवणूक गडीसर तलावापासून निघते आणि शहीद पूनमसिंह स्टेडियमवर संपते. जागा धरायची ती गडीसरच्या बाजूला. तिथं उंट, घोडे, सजलेली माणसं तयार होत असतात आणि फोटो जवळून मिळतात. स्टेडियममध्ये पुढच्या रांगा पाहुण्यांसाठी राखलेल्या असतात. साफा बांधण्याची, मिशांची, मरुश्री म्हणजे रुबाबदार पुरुषाची आणि मूमल म्हणजे सजलेल्या तरुणीची स्पर्धा तिथंच होते. अलीकडे महोत्सवाचा एक दिवस पोखरणलाही असतो. शेवटची रात्र सम गावाच्या वाळूत, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. पौर्णिमेला सगळं जैसलमेर त्याच एका रस्त्यावर असतं, म्हणून दुपारी तीनच्या आत निघावं किंवा त्या रात्रीचा तंबू आधीच घ्यावा. तारे बघायचे असतील तर मात्र पौर्णिमा वाया. त्यासाठी अमावास्येजवळचे दिवस आणि समऐवजी खुडी गाव. तिथं गोंगाटही कमी असतो.

उंटावर बसताना भाव उंटामागे आहे की माणशी, फेरी किती वेळाची, हे चढण्याआधी ठरवावं; वर बसल्यावर घासाघीस होत नाही. उंट उठताना मागचे पाय आधी ताठ करतो आणि बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो. दोन्ही वेळा माणूस पुढे फेकला जातो. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि खोगिराची खुंटी घट्ट धरायची. वाळूत कॅमेऱ्याची लेन्स बदलू नये. स्वतःची गाडी टेकडीवर घालू नये. घातलीच आणि चाक फिरायला लागलं, तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. चाकांतली हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, आल्या वाटेनेच मागे घ्या. पंप जवळ हवाच, नाहीतर त्या हवेवर डांबरी रस्त्याने परत येताना टायर फाटतो.

तनोट आणि लोंगेवाला एका दिवसात होतं, पण सकाळी सातच्या पुढे निघू नये. जैसलमेर, रामगढ, तनोट असं सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. तिथून लोंगेवाला चाळीसच्या आसपास. मग परत रामगढ. टाकी जैसलमेरलाच पूर्ण भरावी, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, मूळ ओळखपत्र खिशात असावं. तनोट मातेचं देऊळ सीमा सुरक्षा दल सांभाळतं. १९६५ च्या युद्धात आवारात पडलेले पण न फुटलेले तोफगोळे काचेआड ठेवले आहेत. नवसाला रुमाल बांधायची चाल आहे, रुमाल घरून न्यावा. तनोटच्या पुढे सीमेवरच्या चौकीपर्यंत जायला वेगळी परवानगी लागते. लोंगेवाल्याला ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जवानांनी रणगाडे रोखून धरले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. ते मैदान सपाट, उघडं आहे. सकाळी रणगाड्यांना लपायला जागा का उरली नाही, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. वाटेत वाऱ्याने रस्त्यावर वाळूचे पट्टे आणून टाकलेले असतात. पट्टा दिसताच वेग आधी कमी करायचा, पट्ट्यावर ब्रेक मारायचा नाही.

रामदेवरा, फलोदीजवळचं खीचन आणि कोलायत ही तिन्ही जैसलमेर-बिकानेर वाटेवरच पडतात. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढण्यापेक्षा प्रवासाचा दिवसच त्यांना द्यावा. खीचनला हिवाळ्यात करकोचे, तिथल्या बोलीत कुरजां, हजारोंनी दाणे टिपायला उतरतात. पण सकाळीच, म्हणून आदल्या रात्री फलोदीला मुक्काम असेल तरच.

रामदेवरा पोखरणहून बारा किलोमीटर. हे रामदेव म्हणजे राजस्थानचं लोकदैवत रामसा पीर, योगवाले नव्हेत. समाधीवर हिंदू-मुसलमान दोघं डोकं टेकतात. नवसाला कापडाचा घोडा वाहतात, बोटाएवढ्यापासून माणसाएवढ्यापर्यंत. समाधीच्या आवारात रामदेवांची शिष्या डालीबाई हिचं दगडी कंकण आहे, त्यातून वाकून पलीकडे जायची प्रथा आहे; अंगाने भरलेल्यांनी मागच्या रांगेकडे बघून निर्णय घ्यावा. माघात अर्ध्या तासात दर्शन होतं. मेळ्यात रांगेचे तास मोजावे लागतात, तेही भाद्रपदाच्या दमट उन्हात. तेव्हा पाणी, मीठ-साखर आणि टाकून द्यायला हरकत नाही अशी चप्पल एवढंच बरोबर घ्यावं. त्या आधीचे पंधरा-वीस दिवस जोधपूरकडून येणारा सगळा रस्ता झेंडे घेतलेल्या पायी यात्रेकरूंनी भरलेला असतो. ते ऊन टाळायला रात्री चालतात, म्हणून त्या दिवसांत त्या रस्त्यावर रात्री गाडी चालवूच नये. पोखरणची चमचम ही मिठाई मात्र कुठल्याही तिथीला मिळते.

बिकानेरचा जुनागड डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. राजा रायसिंहाने १५८९ ते १५९४ मध्ये बांधला. अनूप महालातलं सोन्याचं काम आणि बादल महालातले निळे ढग यांसाठी दोन तास पुरतात.

देशनोक तिथून तीस किलोमीटर. करणी मातेच्या देवळात उंदरांना काबा म्हणतात आणि एखादा पायाखाली मेला तर चांदीचा उंदीर वाहावा लागतो, म्हणून चालण्याची रीत शिकून जावी: पाऊल उचलायचं नाही, फरशीवरून घासत सरकवायचं. पाय उचलला की खाली काय आलं ते कळत नाही. पांढरा काबा दिसणं शुभ, त्यासाठी लोक कोपऱ्यांत तासभर वाकून बसतात. गर्दी आणि ऊन वाढलं की काबे बिळांत जातात, तेव्हा पहाटे मंगलारतीला जावं. चपला बाहेर राहतात आणि फरशी दूध, लाडू, लेंड्यांनी चिकट झालेली असते. जुने मोजे घालून जावं आणि बाहेर आल्यावर ते काढून तिथल्याच कचराकुंडीत टाकावेत. बॅगेत ठेवलेत तर जोधपूरच्या गाडीत शेजारचा प्रवासी जागा बदलून मागतो.