कानबाईच्या रात्री मिक्सर घुमला तेव्हा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते. नैवेद्याच्या रोटांचा स्वयंपाक, रात्रभर अहिराणी गाणी आणि सोमवारी विसर्जन. अमळनेरजवळच्या मावशीच्या गावी एका वर्षी साऊंडवाला ऐनवेळी आला नाही. मावसभावाचा फोन आला, "तुन्हाजोडे मिक्सर शे ना?" होता. माइकचे आवाज एकत्र करणारा, बारा चॅनलचा, हौसेनं घेतलेला.

दोन पॉवर्ड बॉक्स (आतच अॅम्प्लिफायर असलेले स्पीकर) मांडवात, बायांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्यापुढे एक मॉनिटर स्पीकर आणि मिक्सर समोरच्या घराच्या ओट्यावर. आधी मिक्सर चालू केला, बॉक्स शेवटी. नाहीतर स्पीकरला दणका बसतो. बॉक्सचं बटण दाबलं आणि घूंऽऽ. सगळ्या चॅनलचे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, खाली केले, तरी घूं. सगळ्यांचा एकत्र आवाज ठरवणारा मास्टर खाली, तरी घूं. मग माइकच्या वायरी बदलत बसलो, त्यात अर्धा तास गेला. हा शुद्ध मूर्खपणा, कारण मास्टर खाली असताना जो आवाज येतो तो माइकचा असूच शकत नाही.

शेवटी मिक्सरच बंद केला. घूं चालूच! सॉकेटमधून त्याचा प्लग उपसला आणि चिडीचूप. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मांडवातला बोर्ड मावशीच्या मीटरवरचा, ओट्यावरचा सॉकेट शेजाऱ्यांचा. दोन घरांचं अर्थिंग वेगळं आणि दोन्ही माझ्या केबलमधल्या तारेच्या जाळीतून जोडलेली. विजेची ५० हर्ट्झची घुणघुण तिथून येत होती. एकजण म्हणाला, "अर्थिंगनी पिन तोडी टाक." आवाज गेला असता, पण पावसाळी ओल्या अंगणात माइक हातात धरणाऱ्या बायांना शॉक बसला असता तर? मांडवातल्याच बोर्डावरून लांब एक्स्टेंशन ओढलं आणि मिक्सर त्यावर घेतला. घूं गायब.

गाणी सुरू झाली आणि शिट्टी सुरू झाली. तिघीचौघी एका माइकवर, त्यातली एक हातभर लांब. तिचा आवाज यावा म्हणून गेन, म्हणजे माइकची संवेदना, वाढवला की मॉनिटर किंचाळायचा. मिडचं, म्हणजे मधल्या सुरांचं, बटण थोडं वाढवून फ्रिक्वेन्सी फिरवत गेलो. २५०० हर्ट्झच्या आसपास शिट्टी सापडली, तिथं कापली. ढोलकीची खालची धमधम बायांच्या माइकात नको म्हणून खालचे सूर कापणारं लो कट दाबलं. मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे सरकवला, कारण आमचा माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा; पाठीमागचं फार कमी ऐकतो.

तरी मध्येच किंचाळी. मग पाहिलं तर पुढे बसणारी आजी माइकचं डोकंच मुठीत धरून गात होती. डोक्यावरची जाळी झाकली की माइकची पाठ-पोट सारखं होतं, मॉनिटरचा आवाज सरळ आत शिरतो. सांगितलं, तर आजीनं हात खाली घेतला. पुढच्या कडव्याला मूठ परत वर.

मग देवीजवळचं एक लाल फडकं मागून आणलं आणि माइकच्या दांडीला गाठ मारून बांधलं. आजी माइककडे बघत बसल्या, मग हसल्या. पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी माइक सुनेच्या हातात दिला आणि दटावलं, "फडकाले धर वं!"