जिनिंगमधला दोन खणांचा डबा
हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तीन वर्षांपूर्वी मी ८ कॅमेरे अन् दोन खणांचा नॅस, म्हणजे रेकॉर्डिंग साठवायचा डिस्कांचा डबा, बसवून दिला होता. मालक म्हणे भाऊ एवढंच पुरते, उगाच खर्च नका वाढवू, मीबी मान हलवली. चूक माझीच. आता रुईच्या गाठी बांधायचा प्रेस हॉल, सरकीचं गोदाम, वजनकाटा मिळून २४ कॅमेरे झाले आणि रेकॉर्डिंग आठवडाभराचंही राहीना.

डबा उघडला तर फॅनवर रुईची अशी जाड गादी बसलेली की नखानं उपटून काढावी लागली, त्यात मे महिना, डिस्क वाचणार कशी बाप्पा.

मग हिशोब मांडला. ४ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट पाठवणारा, एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो, २४ चे झाले १ टीबीच्या वर, मालकाला पाहिजे ३० दिवस म्हणजे ३१ टीबी. म्हणून आठ खणांचा डबा घेतला, त्यात १० टीबीच्या ६ डिस्क रेड ६ मध्ये, म्हणजे सगळ्या मिळून एकच साठा, दोन डिस्कची जागा पॅरिटीत, म्हणजे गेलेला डेटा परत काढायच्या हिशोबात, जाते, ४० उरतात, अन् दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा राहतो. टॅलीतल्या हिशोबाचा बॅकअप मात्र वेगळ्या डिस्कवर मालकाच्या घरी, कारण रेड म्हणजे बॅकअप नाही हे लोकांना सांगून सांगून मी थकलो.

खरी गंमत वायरची. वजनकाटा ऑफिसपासून १८० मीटर, कॅट सिक्स, म्हणजे तांब्याची नेटवर्क वायर, चालते १००, म्हणून कोणीतरी मधातच खांबावर डब्यात नेटवर्कच्या वायरी जोडायचा स्विच टांगला होता आणि मागच्या जूनमध्ये वीज कडाडली तेव्हा तो स्वतः तर गेलाच, ऑफिसकडचे पोर्टही घेऊन गेला. आता तिथे फायबर, म्हणजे काचेची वायर टाकली, काचेतून करंट येत नाही. ६ कोरची, म्हणजे आत सहा काचेच्या तारांची ओढली, वापरतो दोनच, नाली पुन्हा कोण खोदते. प्रत्येक बिल्डिंगला आपापला स्विच अन् तिथून फायबर सरळ ऑफिसात. जुन्या स्विचचा अपलिंक, म्हणजे पुढे जाणारी मुख्य जोडणी, १०० एमबीपीएसचा होता, २४ कॅमेरेच ९६ होतात, म्हणून सगळं गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचं केलं.

डबा आता एसीच्या खोलीत, दाराला जाळी. मालक आत डोकावून म्हणे, "हे दोन खण रिकामे काहून ठेवले?"

म्हटलं, पुढच्या सीझनले तुम्ही दुसरा प्रेस टाकाल तेव्हासाठी.

"पाया तर खणून झाला न भाऊ, मागं जाऊन पाह्यलं नाही काय?"

नव्हतं पाहिलं. तिथपर्यंत नालीही नव्हती.