लग्नाची कॅसेट टीव्हीवर लागणाऱ्या डीव्हीडीत: माझा अनुभव

काम असं होतं: लग्नाची तीन तासांची व्हीएचएस कॅसेट आणि मोबाईलवरचे काही व्हिडिओ टीव्हीखालच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर लागले पाहिजेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात नेटचा भरवसा नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रिमोटचं एकच बटण दाबता येतं. त्यांच्यासाठी डिस्कच बरी.

पहिली डिस्क बहुतेकांची एकाच कारणाने वाया जाते. एमपी४ फाईल डिस्कवर कॉपी केली की झालं, असं वाटतं. काही प्लेअर अशी फाईल वाचतात, जुने वाचत नाहीत. विंडोज डिस्क टाकल्यावर 'पेनड्राइव्हसारखी वापरायची का' असं विचारतं. तो पर्याय घेतला तर प्लेअर ती डिस्क ओळखतच नाही. टीव्हीसाठी डीव्हीडी-व्हिडिओच लागते: व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर, त्यात व्हीओबी आणि आयएफओ फाईली, आत एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीने दाबून छोटं केलेलं चित्र. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं. आवाज ४८ किलोहर्ट्झचा.

कॅसेट आधी उजेडात धरून पाहिली. पट्टीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवायच्या यंत्रात, घालायची नाही. बुरशी हेडला, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या कॅसेटही खराब करू शकते. कॅसेट एकदा शेवटपर्यंत आणि परत उलटी गुंडाळून घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले पट्टीचे वेढे मोकळे होतात. हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेतलं. कापड जागेवर धरायचं आणि हेड बसवलेला गोल ड्रम हाताने सावकाश फिरवायचा. वर-खाली घासलं की हेड तुटतं, आणि कापूस वापरला तर तंतू अडकतात.

व्हीसीआरची पिवळी, पांढरी, लाल पिन यूएसबी कॅप्चर कार्डला (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणाला) जोडली आणि व्हर्च्युअलडब या प्रोग्राममध्ये हफवाययूव्ही, म्हणजे चित्राचा दर्जा न घालवता फाईल छोटी करणारी पद्धत, वापरून रेकॉर्डिंग केलं. तीन तासांसाठी १०० जीबीहून बरीच जास्त जागा मोकळी ठेवली. रेकॉर्डिंग चालू असताना ड्रॉप झालेल्या, म्हणजे सुटून गेलेल्या, फ्रेमचा आकडा बघत राहायचा. तो वाढत गेला की अर्ध्या तासानंतर मंगलाष्टकांचा आवाज आणि ओठांची हालचाल जुळत नाही. त्या वेळी ब्राउझर आणि अँटिव्हायरस दोन्ही बंद.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. कॅसेटचं चित्र इंटरलेस्ड असतं: एका फ्रेममध्ये दोन फील्ड, एक सम ओळींचं, एक विषम ओळींचं. आधी कोणतं दाखवायचं हे चुकलं की चालणारा माणूस टीव्हीवर पुढे-मागे थरथरतो. कॉम्प्युटरवर हे बहुतेक वेळा दिसत नाही. बहुतेक ॲनालॉग कार्ड वरचं फील्ड आधी देतात, मिनी-डीव्ही कॅमेरा मात्र खालचं आधी देतो. म्हणून वरातीतल्या नाचाचं एक मिनिट डीव्हीडी-आरडब्ल्यू डिस्कवर काढून टीव्हीवर पाहिलं. आरडब्ल्यू पुसून परत वापरता येते, त्यामुळे चाचणीला तीच. डीइंटरलेस, म्हणजे दोन फील्ड मिसळून एक चित्र, करायचं नाही; निम्मी हालचाल उगाच जाते.

मोबाईलच्या व्हिडिओंचा त्रास वेगळा. त्यांचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) कमी-जास्त होत राहतो आणि आवाज सरकतो. हँडब्रेक या प्रोग्राममध्ये ते 'कॉन्स्टंट' २५ करून घेतले, मग पुढे. उभे काढलेले व्हिडिओ दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या घेऊनच येणार, त्याला इलाज नाही.

मग जागेचा हिशोब. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज तेच ४.३८ दाखवतं. साधारण ३७,६०० मेगाबिट. त्याला व्हिडिओच्या सेकंदांनी भागायचं, म्हणजे दर सेकंदाला किती मेगाबिट मिळतात ते कळतं. दोन तासांना ५.२ येतात, आवाज आणि थोडी मोकळी जागा वजा करून चित्राला ४.८ मेगाबिट उरतात, चांगलं दिसतं. एका तासाला ८ पुरे, त्यावर गेलं की काही जुने प्लेअर अडखळतात. तीन तास एकाच डिस्कवर कोंबले तर ३.२ उरतात, आणि अक्षता पडताना चित्राचे चौकोन होतात. म्हणून हळद आणि सीमांतपूजन एका डिस्कवर, लग्न आणि वरात दुसऱ्या. एकच डिस्क हवी असेल तर ३५२ बाय ५७६ ठेवावं. तेही डीव्हीडीच्या नियमात बसतं, आणि व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळात तेवढाच असतो.

डीव्हीडी तयार करायच्या डीव्हीडीस्टायलर या प्रोग्राममध्ये पाल, जुन्या टीव्हीचा ४:३ आकार आणि डीव्हीडीवर चालणारा एसी३ आवाज निवडला. व्हिडिओच्या गुणधर्मांत 'इंटरलेस्ड' आणि आधी येणारं फील्ड भरलं. मेनूत दोनच बटणं, अक्षरं मोठी, चारही कडांपासून दहावा हिस्सा आत. जुना टीव्ही कडा कापतो. बर्न (डिस्कवर लिहिणं) थेट न करता आयएसओ फाईल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली नक्कल, काढली आणि ती कॉम्प्युटरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली.

डिस्क लिहिणाऱ्या इमजीबर्न (ImgBurn) या प्रोग्राममध्ये एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर, वेग ४एक्स, साधारण १४ मिनिटं, लिहिलेलं तपासणारं 'व्हेरिफाय' चालू. ओलिताच्या वेळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि लिहिताना लाईन गेली तर ती डिस्क फेकायचीच. लॅपटॉपची बॅटरी भरलेली, बाहेरचा रायटर हबवर न लावता थेट लॅपटॉपच्या यूएसबीत. दोन पिनांची केबल असेल तर दोन्ही लावायच्या. करंट कमी पडला की मध्येच लिहिणं बंद होतं.

प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही प्रकार पालच ठेवला; एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली टीव्ही पद्धत, राहिलं तर जुन्या टीव्हीवर चित्राचा रंग जातो किंवा ते फिरत राहतं. बऱ्याच नव्या टीव्हीत तीन पिनांऐवजी एकच बारीक एव्ही जॅक असतो. त्याचं अडॅप्टर टीव्हीसोबत आलेलं तेच वापरायचं, कारण प्रत्येक कंपनीच्या तारांचा क्रम एक नसतो.

डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवलं नाही. उन्हाळ्यात ४५ अंशांत ते सुटतं आणि फिरताना तोल जातो. सीडी मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर तारीख लिहिली. डबीत उभी ठेवून लोखंडी कपाटात, टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर नाही. कॅप्चरची मूळ फाईल हार्डडिस्कवर तशीच आहे. डिस्कवर ओरखडा पडला की आयएसओवरून दुसरी काढता येते.