आधी मराठीत सांग

शिकवणीच्या पहिल्या वर्षी मी मुलांच्या इंग्रजी निबंधाच्या वह्या लाल करून परत द्यायचे. प्रत्येक चूक दुरुस्त केलेली, वर बरोबर शब्द लिहिलेला. मुलं गुण बघायची आणि वही दप्तरात टाकायची. पुढच्या निबंधात तीच चूक, तशीच. इतका जीव ओतून तपासलेलं कुणी वाचतच नाही, याचं फार वाईट वाटायचं.

बदल झाला तो समसंबंधाच्या एका प्रश्नामुळे. 'ड्रिझल : डाउनपोर' या जोडीसारखी जोडी निवडायची होती. पर्याय होते 'क्लाउड : रेन', 'गेल : ब्रीझ', 'ब्रीझ : गेल' आणि 'अम्ब्रेला : रेनकोट'. आठवीतल्या एका मुलीने 'क्लाउड : रेन'वर खूण केली. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी म्हटलं, "या दोन शब्दांचं नातं काय, ते आधी मराठीत सांग बरं."

"दोन्ही पाऊसच, बाई." मग जरा थांबून, "पण ड्रिझल म्हणजे रिमझिम आणि डाउनपोर म्हणजे मुसळधार."

"मग एका वाक्यात?"

"पहिला वाढला की दुसरा होतो."

हेच वाक्य घेऊन ती एकेका पर्यायाकडे गेली. ढग वाढला की पाऊस होतो? छे, पाऊस ढगातून पडतो. गेल म्हणजे सोसाट्याचा वारा, एवढं मला सांगावं लागलं. झुळूक वाढली की सोसाट्याचा वारा होतो, म्हणजे 'गेल : ब्रीझ'मध्ये क्रम उलटा आहे, हे तिचं तिनेच पकडलं.

एका पालकांनी मला विचारलं होतं, की अमेरिकेतल्या एसएटी आणि जीआरई या प्रवेश परीक्षांपैकी एसएटीने २००५ मध्ये आणि जीआरईने २०११ मध्ये हे समसंबंधाचे प्रश्न काढून टाकले, मग त्यावर वेळ कशाला? मला ते पटलं नाही. दोन शब्दांमधलं नातं वाक्यात मांडता येणं हे वाचनाचंच काम आहे. 'बिकॉज' किंवा 'ऑल्दो'ने जोडलेलं वाक्य वाचताना मूल नातंच शोधत असतं.

उताऱ्याच्या वेळी तर हे रोज दिसतं. मुलं प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतात आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवतात. एकदा उताऱ्यात 'फ्यू पीपल केम' असं होतं आणि लेखकाला काय वाटलं, असा प्रश्न होता. निम्म्या वर्गाने 'समाधान' निवडलं. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली : 'थोडे लोक आले.' 'थोडेच लोक आले.' फरक विचारल्याबरोबर मागून आवाज आला, "'थोडेच'मध्ये नाराजी आहे!" मग सांगितलं, 'अ फ्यू' म्हणजे थोडे आणि नुसतं 'फ्यू' म्हणजे थोडेच. आपला एवढासा 'च' जे करतो, ते तिथे 'अ' गळल्यामुळे होतं.

तोपर्यंत मुलांना 'अ' आणि 'द' म्हणजे उगाच मध्ये येणारी अक्षरं वाटायची. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे ती कानाला खटकतच नाहीत. पण 'एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या' हे सगळ्यांना येतं. पहिल्यांदा 'एक', ओळख झाली की 'तो'. 'अ किंग', मग 'द किंग'. हे सगळीकडे लागू पडत नाही. आपण नुसतं 'सूर्य' म्हणतो, तिथे इंग्रजीत 'द सन' लागतं. तरी धरून चालायला काठी मिळाली.

वह्या तपासणंही बदललं. आता एका निबंधात एकाच प्रकारची चूक धरते. तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारते आणि दुरुस्ती लिहीत नाही. बाकीच्या चुका तशाच सोडायला सुरुवातीला फार जड गेलं, आणि काही पालकांना तो हलगर्जीपणाही वाटला.

मागच्या महिन्यात त्याच मुलीच्या वहीत 'वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम' असं वाक्य होतं. मी रेघ मारून वही परत दिली. दुसऱ्या दिवशी 'अबाउट' खोडलेलं होतं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं : "विषयावर चर्चा करतात ना, त्यातला 'वर' इकडे आला."