मोरचूद, मुन्स्टर आणि आल्झासची वाइन

फ्रान्समधल्या आल्झासची गावं फोटोत दिसतात तशीच आहेत. लाकडी चौकटींची रंगीत घरं, खिडक्यांत फुलं, छपरांवर करकोच्यांची घरटी. रिक्वीर आणि एगिसहाइम जरूर बघा, पण सकाळी लवकर. नंतर बसगाड्या येतात आणि गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. गावांबद्दल एवढंच. माझ्यासोबत निफाडचा चुलतभाऊ होता. त्याची स्वतःची द्राक्षबाग, माल युरोपला जातो, त्यामुळे घरं आणि फुलं बघण्यात त्याला काडीचाही रस नव्हता. वेस ओलांडली की बाग सुरू होते, आणि तिथे तो थांबायचाच.

मार्लेनहाइमपासून थानपर्यंत १७० किलोमीटरचा हा वाइन रस्ता १९५३ मध्ये आखला गेला. पश्चिमेला व्होज पर्वत, पूर्वेला ऱ्हाईन नदी. ढग व्होजच्या पलीकडेच रिकामे होतात. घाट ओलांडून देशावर आलं की पाऊस जसा एकदम आटतो, तसंच हे. कोलमार त्यामुळे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. हवा कोरडी असली की बुरशी कमी, आणि बुरशी कमी असली की फवारणी कमी. इथे सेंद्रिय बागा इतक्या का, याचं निम्मं उत्तर या डोंगरात आहे. माणसांच्या सद्‌गुणांचा नंबर त्यानंतर.

ट्युर्कहाइमजवळच्या एका बागेत आम्ही आधी ठरवून गेलो होतो. सप्टेंबरची सुरुवात, तोडणी तोंडावर आलेली. बागायतदार बाई मोडक्या इंग्रजीत, पण घाई न करता बोलत होत्या. दोन ओळींमध्ये गुडघाभर गवत वाढलेलं. भावाने वाकून माती मुठीत घेतली, वास घेतला, "ताई, भुसभुशीत आहे गं," मला म्हणाला आणि मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू केली. छाटणी किती वेळा? एकदाच, हिवाळ्यात. थंडीत वेल आपोआप झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, हे त्याने हातवारे करून सांगितलं. बाईंना ते ऐकून वेलांचीच दया आली असावी.

मग विषय आला डावणीचा, म्हणजे द्राक्षवेलीवरच्या बुरशीजन्य रोगाचा. फ्रेंचमध्ये तिला 'मिल्द्यू' म्हणतात. सेंद्रिय बागेत त्यावर काय मारता? उत्तर आलं: तांबं. म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना. ते जन्मलंच फ्रान्समध्ये. बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या वेलांवर चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून हे निळं पाणी शिंपडत. त्या वेलांवर डावणी येत नाही हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असं माझ्यासारख्या शहरी माणसाला वाटत असतं. तसं मुळीच नाही. तांबं मातीत साठत जातं, ते विरत नाही, आणि गांडुळांना ते बाधतं. म्हणून युरोपात त्यावर मर्यादा आहे: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. पावसाळी वर्षात जास्त वापरा, कोरड्या वर्षात हात आखडता घ्या.

भावाने मोबाइलवर हिशेब केला. वर्षाला हेक्टरी चार किलो तांबं, म्हणजे एकरी साधारण साडेसहा किलो मोरचूद. "एक टक्क्याचं बोर्डो म्हटलं तर दीड फवारणी!" तो हबकलाच. बाई म्हणाल्या, आम्ही फार पातळ मारतो, पावसाचा अंदाज बघून. आणि २०२१? त्या हसल्या नाहीत. त्या वर्षी पाऊस थांबला नव्हता.

जैवगतिक (बायोडायनॅमिक) शेतीबद्दल मात्र भावाचं आणि बाईंचं जुळलं नाही. रुडॉल्फ स्टाइनरने १९२४ मध्ये मांडलेली ही पद्धत. याच भागात बेर्गोल्ट्झला यूजीन मेयर यांनी १९६९ मध्येच ती धरली. गायीच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग त्यातलं चिमूटभर घेऊन पाण्यात तासभर ढवळून शिंपडायचं. भाऊ म्हणाला, "आपल्या शेण-गोमूत्राच्या जीवामृतात गूळ-बेसन का, ते कळतं. शिंगाचं नाही कळलं." मलाही नाही कळलं. पण जी माणसं शिंगं पुरतात ती रोज बागेत चक्कर मारतात, आणि मला वाटतं, मातीला फरक पडतो तो त्या चकरांनी.

संध्याकाळी कोलमारच्या विन्स्टुबमध्ये, म्हणजे इथल्या खानावळवजा वाइनघरात, शुक्रूत मागवलं. आंबवलेला कोबी, डुकराचं मांस, सॉसेज. सोबत कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रीसलिंग ही पांढरी वाइन. कोबीचा आंबटपणा आणि वाइनचा आंबटपणा एकमेकांना मारत नाहीत, उलट मांसाचा तुपकटपणा कापतात. मुन्स्टर चीजचा वास लांबूनच येतो, पण गेवुर्त्स्ट्रामिनरपुढे ते नरमतं. या वाइनला लिचीचा आणि गुलाबाचा घमघमाट असतो. चीजबरोबर वाटीत जिऱ्यासारखे दाणेही देतात.

त्यावरून डोकं चाललं. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर होतं आणि बॅगेत काळा मसाला. कोंबडीचा झणझणीत रस्सा केला, तीन बाटल्या उघडल्या. लाल पिनो न्वार तिखटापुढे कडवट झाली. कोरडी रीसलिंग जिभेला झोंबली. किंचित गोड गेवुर्त्स्ट्रामिनर मात्र जमली: गोडव्याने तिखट खाली बसलं आणि मसाल्यातलं दगडफूल वर आलं. बाटली घेताना लेबल वाचा. २०२१ च्या हंगामापासून आल्झासच्या वाइनवर गोडी लिहिणं सक्तीचं आहे: 'सेक' म्हणजे कोरडी, 'दमी-सेक' थोडी गोड, 'मोएलू' त्याहून गोड, 'दू' सर्वांत गोड. तिखट जेवणाला दमी-सेक घ्या.

दुसऱ्या दिवशी उरलेली बाटली वरणभातासोबत काढली. लिंबू, तूप आणि गुलाबाचा वास एकत्र सहन होत नाही. भावाने आपला पेला मुकाट माझ्याकडे सरकवला आणि वरण आणखी वाढून घेतलं.